पंधरा वर्षांचा उपदेशक

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहून आलेल्या गृहस्थांच्या तोंडून एक हकीकत वरचेवर ऐकूं येते. दुपारची वेळ, घरांत दुसरें कोणी नाहीं, आणि दारावरची घंटा वाजते. दार उघडावें तों पांढरा सदरा, गळ्यांत टाय आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेषांत दोन तरुण उभे! ओठांवर मिसरूडही पुरतें फुटलेलें नाहीं. आपल्याला धर्मासंबंधीं दोन शब्द बोलावयाचे आहेत, असें ते नम्रपणें सांगतात. हे मॉर्मन पंथाचे उपदेशक. आपला गृहस्थ हात जोडून त्यांची बोळवण करतो, आणि रात्रीं पानावर बसल्यावर मुलाला म्हणतो, "अरे, एवढालीं हीं पोरें! यांच्या आईबापांनीं यांना घराबाहेर सोडलें तरी कसें?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचें उत्तर पंथाच्या नियमावलींत शोधण्यापेक्षां एखाद्या मुलाच्या चरित्रांत शोधावें, असें मला वाटतें. म्हणून आज वाचकांपुढें एका पंधरा वर्षांच्या पोराची हकीकत ठेवीत आहें. त्याचें धर्ममत आपल्याला ग्राह्य नाहीं, आणि तें पटविण्याचा या लेखाचा हेतूही नाहीं. अनोळखी मुलुखांत एकटें पडलेलें कोवळें वयाचें माणूस तेथें रुजतें कसें, एवढाच आपल्या जिज्ञासेचा विषय आहे.

मॉर्मन पंथाची स्थापना १८३० सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत जोझेफ स्मिथ नांवाच्या तरुणानें केली. बायबलाच्या जोडीस ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ हे लोक प्रमाण मानतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं त्यांचें पटेना. एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत त्यांना हुसकून लावण्यांत आलें. १८४४ च्या जून महिन्यांत कार्थेज येथील तुरुंगांत शिरून जमावानें जोझेफ स्मिथ व त्याचा वडील भाऊ हायरम या दोघांनाही गोळ्या घालून ठार केलें. उरलेल्या लोकांनीं गाड्या जोडून शेंकडों कोसांचा माळ तुडविला आणि १८४७ पासून युटाच्या ओसाड खोऱ्यांत सॉल्ट लेक सिटी हें आपलें ठाणें वसविलें. मारल्या गेलेल्या त्या हायरमचा मुलगा जोझेफ एफ. स्मिथ हा आपल्या हकीकतीचा नायक होय.

बाप गेला तेव्हां हा मुलगा पांच वर्षांचा होता. नऊ वर्षांचा असतां आईच्या गाडीचे बैल हांकीत तो त्या खोऱ्यांत येऊन पोंचला. पुढें चार वर्षांनीं, १८५२ च्या सप्टेंबरांत, आईही वारली. तेरा वर्षांचें हें पोरकें पोर वृत्तीनें तापट निघालें, यांत नवल तें काय? त्याच सुमाराची एक गोष्ट त्यानें स्वतःच पुढें सांगितली आहे. शाळेंत एके दिवशीं मास्तरांनीं त्याच्या धाकट्या बहिणीला शिक्षा करण्यासाठीं चामड्याचा पट्टा बाहेर काढला. "तिला त्यानें मारूं नका," असें हा उठून म्हणाला. मास्तर त्याच्याकडे वळले, तेव्हां या पठ्ठ्यानें मास्तरांनाच चोप दिला! मी जन्मभर मास्तरकीच केलेली असल्यामुळें ही गोष्ट वाचून प्रथम माझ्या कपाळाला आठी पडली. पण दुसऱ्या वाचनीं त्या पट्ट्यापुढें उभी असलेली पोरकी बहीण दिसली, आणि ती आठी विरली.

शाळा सुटली, आणि थोड्याच दिवसांत, १८५४ च्या एप्रिलांत, पंथाच्या वार्षिक सभेंत या मुलाचें नांव पुकारलें गेलें. त्याला उपदेशक म्हणून सँडविच बेटांवर, म्हणजे आजच्या हवाई बेटांवर, जावयाचें होतें. निरोपाच्या वेळीं पार्ली प्रॅट या वडीलधाऱ्या पुढाऱ्यानें त्याच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला कीं, तिकडची भाषा तुला ईश्वरी कृपेनें येईल आणि अभ्यासानेंही येईल. आशीर्वादांतील हा ‘आणि’ मला फार आवडला. केवळ कृपेवर विसंबलेले विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत.

मे महिन्याच्या २७ तारखेस तो निघाला. पंथाची पद्धत अशी कीं, उपदेशकानें पगार घ्यावयाचा नाहीं आणि वाटखर्चही आपला आपण मिळवावयाचा. कॅलिफोर्नियांत पोंचल्यावर या मुलानें डोंगरांत राहून घरांवर घालण्याच्या लांकडी फळ्या तासण्याचें काम केलें, जहाजाचें भाडें जमविलें, आणि २७ सप्टेंबर १८५४ रोजीं तो होनोलुलूच्या धक्क्यावर उतरला. सोळा वर्षें पुरीं होण्यास अजून दीड महिना होता.

हीं बेटें त्या वेळीं स्वतंत्र राज्य होतीं. गादीवर तिसरा कामेहामेहा राजा होता. तोही त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वारला. १७७८ सालीं कॅप्टन कुक तेथें जाऊन पोंचल्यापासून परकीयांची रीघ लागली होती, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या रोगांनीं मूळच्या लोकवस्तीची दैना उडविली होती. १८५३ च्या शिरगणतींत सगळ्या बेटांवर मिळून अवघीं सुमारें ७३,००० माणसें भरलीं, आणि त्याच सालीं देवीच्या सांथीनें हजारों माणसें नेलीं. म्हणजे हा मुलगा अशा लोकांच्या दारांत जाऊन उभा राहिला, ज्यांना गोऱ्या पाहुण्यानें आजवर दिलें त्यापेक्षां त्यांच्यापासून हिरावून घेतलेलेंच अधिक. ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील प्रसंगाचें मोल कळावयाचें नाहीं.

त्याच्या अगोदर चार वर्षें, १८५० च्या डिसेंबरांत, या पंथाचे दहा उपदेशक तेथें गेले होते. तेथील गोऱ्या रहिवाशांना उपदेश करावा, अशी त्यांची कल्पना होती. पण गोरे मूठभर, आणि त्यांतून ऐकून घेणारा विरळा. दहांपैकीं पांचजण लवकरच परत फिरले. राहिलेल्यांत जॉर्ज कॅनन नांवाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. येथील लोकांची भाषा शिकून त्यांच्यांतच राहावयाचें, असा त्यानें निश्चय केला. मावी बेटावर योनातान नापेला नांवाचा एक विद्वान् हवाईयन न्यायाधीश त्याला भेटला, आणि त्याच्या साहाय्यानें कॅननने आपल्या पंथाचा ग्रंथ हवाईयन भाषेंत उतरविला. तो १८५५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें छापला गेला. नापेलासारखा गुरु लाभला नसता तर कॅननची विद्या किनाऱ्यावरच राहिली असती.

आपल्या पंधरा वर्षांच्या मुलालाही याच मावी बेटावर पाठविण्यांत आलें. या बेटावर हालेआकाला हा दहा हजार फूट उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे, आणि त्याच्या उतारावर कुला नांवाचा मुलूख आहे. गवतानें शाकारलेल्या झोंपड्या, जमिनीवर चटया, आणि मुख्य अन्न ‘पोई’. पोई म्हणजे आपल्या अळवाच्याच जातीचा कंद शिजवून, कुटून, पाणी घालून केलेलें लापशीसारखें खाणें. तें एक दोन दिवस आंबूंही देतात. एका मोठ्या भांड्याभोंवतीं सगळे बसतात आणि बोटांनीं तें खातात. आपल्याला अळवाचें फदफदें पंक्तींत आवडतें. परंतु गहूं, दूध आणि बटाटा यांवर वाढलेल्या मुलाला ही आंबट लापशी घशाखालीं उतरावयास किती दिवस लागले असतील, याची कल्पना करावी.

तेथें गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याला तापानें गांठलें, आणि तोही साधासुधा नव्हे. आई नाहीं, बहीण हजारों मैलांवर, आणि भोंवतालीं बोलली जाणारी भाषा अनोळखी. अशा वेळीं मानुहीई नांवाच्या एका हवाईयन बाईनें त्याला आपल्या झोंपडींत ठेवून घेतलें आणि पोटच्या पोराप्रमाणें त्याची शुश्रूषा केली. तिनें काय औषध दिलें, रात्री कशा काढल्या, तिच्या मनांत काय आलें, यांपैकीं कांहींच तिच्या तोंडचें लिहून ठेवलेलें नाहीं. ज्या लोकांच्या वस्त्या परक्यांच्या रोगांनीं उजाड झाल्या, त्यांच्यांतलीच एक बाई एका परक्या पोराच्या तापाशीं झुंजत बसली, एवढें मात्र आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे मुंजींत बटूला पहिली भिक्षा आई घालते. झोळी घेऊन परक्या दारीं जाण्यापूर्वीं घेण्याची लाज त्याला आईच्या दारींच सोडावयाची असते. या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला गेला आणि उपदेशाचा अधिकारही मिळाला. पण ही पहिली भिक्षा घालणारें घरीं कोणी नव्हतें. ती त्याला हालेआकालाच्या उतारावर मिळाली. द्यावयाला म्हणून निघालेला मुलगा प्रथम घ्यावयास शिकला.

तापांतून उठल्यावर भाषेचा अभ्यास सुरू झाला. बेटावर उतरल्यापासून शंभर दिवसांत आपण लोकांशीं त्यांच्या भाषेंत बोलूं लागलों, असें त्यानें पुढें सांगितलें. या भाषेविषयीं दोन शब्द सांगावयाचा मोह मला आवरत नाहीं. तिची वर्णमाला अगदीं लहान, जोडाक्षरें नाहींत, आणि प्रत्येक अवयवाच्या शेवटीं स्वर यावयाचाच. त्यामुळें कानाला ती वाहत्या पाण्यासारखी वाटते. पण व्याकरणांत तिची खोली कळते. संस्कृताप्रमाणें तिच्या सर्वनामांत द्विवचन आहे. आणि मराठीप्रमाणें ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचें तर ‘माकोउ’, आणि त्यालाही धरून बोलावयाचें तर ‘काकोउ’. दोघांपुरतें बोलावयाचें तर ‘माउआ’ आणि ‘काउआ’ हीं आणखी निराळीं रूपें. इंग्रजींत या चारांसाठीं एकच शब्द आहे. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या या मुलाला तोंड उघडतांच प्रत्येक वाक्यागणिक ठरवावें लागे, समोरच्या माणसाला मी आपल्यांत धरतों कीं बाहेर ठेवतों? व्याकरणाचा हा नियम मला मोठा नीतिपाठ वाटतो. परमुलुखांत गेलेल्या माणसाची सारी कसोटी या एका भेदांत सांठविलेली आहे.

वाचकांचा असा समज होऊं नये कीं, पुढचें सारें सुरळीत झालें. १८५६ व १८५७ या सालांतल्या त्याच्या रोजनिश्या आज छापलेल्या उपलब्ध आहेत. त्यांत कुरकूर पुष्कळ आहे. झोंपड्यांतील अस्वच्छता, पिसवा, अपुरें अन्न, सभेला न येणारे लोक, सोबत्यांशीं झालेले खटके, सारें तो लिहून ठेवतो. यजमानांविषयीं कडू शब्दही लिहितो. तो साधु नव्हता, सतरा अठरा वर्षांचा मुलगा होता. १८५५ सालीं, सोळा वर्षांचा असतांनाच, मावीवरील कारभार त्याच्यावर सोंपविण्यांत आला. पुढें हवाई या मोठ्या बेटावर आणि मोलोकाई बेटावर त्याला पाठविण्यांत आलें. प्रत्येक वेळीं नवें बेट, नवीं माणसें, नवे रुसवे. एका जागीं जीव रमतो न रमतो तोंच गांठोडें बांधावयाचें.

तें गांठोडेंही राहिलें नाहीं. लानाई बेटावरील मॉर्मन वसाहतींत त्याची पेटी ठेवली होती. तेथें आग लागून कपडे, पुस्तकें आणि सुरुवातीच्या काळाच्या रोजनिश्या जळून गेल्या. त्यामुळें कुला येथील पहिल्या दिवसांची हकीकत आपल्याला बव्हंशीं त्याच्या मागाहूनच्या सांगण्यावरूनच कळते. त्या आगीनंतर त्याच्यांत आणि सोबत्यांत मिळून अंगावर घालण्याजोगा एकच पोषाख उरला. तो घालून एकजण सभेला जाई, तेव्हां दुसरा अंथरुणांत पडून राही, अशी गोष्ट सांगतात. हंसूंही येतें आणि पोटांत कालवतेंही.

या दारिद्र्याच्या दिवसांत त्याला एक स्वप्न पडलें. तें त्यानें उतारवयांत सांगितलें आहे. तो कोठें तरी घाईनें निघाला आहे, हातांत एक लहानसें गांठोडें आहे. वाटेंत एका भव्य वाड्यापाशीं स्नानाची जागा दिसते. स्नान करून गांठोडें सोडतो तों आंत स्वच्छ पांढरीं वस्त्रें. तीं लेवून दारांत जातो, तर मारला गेलेला चुलता समोर उभा राहून म्हणतो, तुला उशीर झाला. मुलगा उत्तर देतो, होय, पण मी स्वच्छ आहें. आंत वडील आहेत, आणि आईही आहे. जागा झाल्यावर आपण पोर राहिलों नाहीं, आतां कोणाचीही भीति वाटत नाहीं, असें त्याला वाटलें. स्वप्नाचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. पोरक्या मुलाच्या मनाला घराची खूण पटली, एवढा अर्थ मी लावतों.

१८५७ च्या ऑक्टोबरांत तो परत निघाला. युटा आणि अमेरिकन सरकार यांच्यांत बिनसलें होतें आणि बाहेरगांवच्या उपदेशकांना परत बोलावणें आलें होतें. एकोणीस वर्षें पुरीं होण्यास महिनाभर अवकाश होता. तीन वर्षांपूर्वीं मास्तरांवर हात टाकणारा तो हूड मुलगा आतां एका परकीय भाषेंत सभा चालवूं शकत होता.

गोष्ट येथें संपत नाहीं. पुढें बहुपत्नीत्वाच्या चालीवरून अमेरिकन सरकारनें या पंथाच्या पुढाऱ्यांवर खटले भरण्यास सुरुवात केली, तेव्हां १८८५ ते १८८७ हीं वर्षें याच जोझेफ स्मिथनें हवाई बेटांवर अज्ञातवासांत काढलीं. ती चाल त्या पंथानें पुढें सोडली. तिचें समर्थन येथें करावयाचें नाहीं. लपण्यासाठीं त्याला कोणता मुलूख आठवला, हें मात्र पाहण्यासारखें आहे. १९०१ सालीं तो साऱ्या पंथाचा अध्यक्ष झाला. त्यानंतर एकदां तो होनोलुलूस गेला असतां धक्क्यावर लोकांची दाटी झाली. त्या गर्दींत एका आंधळ्या, थकलेल्या म्हातारीला कोणी हात धरून आणीत होतें. ती "इओसेपा, इओसेपा" अशी हांक मारीत होती; जोझेफ या नांवाचें तें हवाईयन रूप. तिच्या हातांत थोडीशीं निवडक केळीं होतीं. अध्यक्षमहाराज धांवत जाऊन तिच्या गळ्यांत पडले आणि "आई, आई" म्हणून रडूं लागले. ती मानुहीई होती. बरोबरच्या मंडळींपैकीं चार्ल्स निब्ली यानें हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, डोळे गेले होते. पण रिकाम्या हातानें लेकराला भेटावयाचें नाहीं, हें ती विसरली नव्हती. पंथाचें लाये येथील मंदिर १९१९ सालीं उघडलें. जोझेफ स्मिथ त्यापूर्वींच, १९१८ सालीं, वारला होता. मंदिर उघडल्याचें पाहून त्याच वर्षीं मानुहीईनेंही देह ठेवला.

आज या उपदेशकांची व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. २०१२ पासून मुलगे अठराव्या वर्षीं जाऊं शकतात. त्यांची मुदत दोन वर्षें, मुलींची अठरा महिने. युटांतील प्रोव्हो येथें व इतरत्र शिक्षणकेंद्रें आहेत. तेथें भाषेचे प्राथमिक धडे मिळतात. खर्च अजूनही मुलानें किंवा त्याच्या घरच्यांनींच सोसावयाचा असतो. एकट्यानें फिरावयाचें नाहीं. सोबत्याला दृष्टीआड करावयाचें नाहीं. आणि सुमारें दर सहा आठवड्यांनीं बदलीचा हुकूम येऊं शकतो. घरच्यांशीं दूरध्वनीवरून बोलणें पूर्वीं वर्षांतून दोनदांच होई, नाताळांत आणि मातृदिनीं. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास बोलण्याची मोकळीक मिळाली. नव्या गांवीं पहिल्या रात्रीं छताकडे पाहत जागें राहणाऱ्या मुलाची अवस्था मात्र एवढ्यानें बदलली असेल, असें मला वाटत नाहीं.

आतां आपल्या घरची बाजू. परधर्मी उपदेशकांविषयीं आपल्या समाजाच्या मनांत कढ आहे, आणि तो निराधार नाहीं. १८५४ सालीं, हा मुलगा मावीवर पोंचला त्याच सालीं, बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. त्या काळांत अशा एकेका बातमीनें घराघरांत सुतक पडे. मॉर्मन लोकही त्याच दशकांत आपल्याकडे येऊन गेले आहेत, हें थोड्यांस ठाऊक असेल. ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा स्कॉटिश उपदेशक १८५२ सालीं मुंबईस उतरला आणि पुढें पुण्यास आला. लष्करच्या गोऱ्या शिपायांत आणि युरोपियन वस्तींत त्याचा वावर होता. लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याला अडथळा केला. थोडेसे अनुयायी जमले, आणि दोन तीन वर्षांनीं हें काम आटोपलें. अपयशाचीं कारणें अनेक असतील. पण कुला येथील झोंपडी आणि पुण्याचें लष्कर हीं चित्रें शेजारीं ठेवलीं, म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद पुनः आठवल्यावांचून राहत नाहीं.

आपलींही मुलें आज अठराव्या वर्षीं परदेशीं जातात. जातांना आपण त्यांना लोणचें देतों, कुकर देतों, विमा उतरवून देतों, आणि "कोणाचे उपकार घेऊं नकोस" असा उपदेशही करतों. या शेवटच्या उपदेशाचा मला आतां फेरविचार करावासा वाटतो. शेजारच्या म्हातारीनें आजारपणांत वाटीभर पेज आणून दिली तर ती घ्यावी, तिच्या भाषेंत तिचे आभार मानावयास शिकावें, आणि पन्नास वर्षांनीं ती भेटली तर तिला ओळखावें, असें त्यांना सांगावें.

आणि मुलाच्या बिऱ्हाडीं दुपारीं दारावरची घंटा वाजली, पांढऱ्या सदऱ्यांतले ते दोघे उभे दिसले, तर त्यांचा धर्म आपल्याला नको असें अवश्य सांगावें. पण सांगण्याआधीं, ऊन फार आहे, आंत या, पाणी घ्या, एवढें म्हणावयास हरकत नसावी. त्यांची आई दूर आहे.